सव्वीस सेंटिमीटरच्या बाहुलीचे परकर-पोलके: बेतण्यापासून टिच बटणापर्यंत

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे २६ सेंमी उंचीची, रेझिनची बॉल जॉइंटेड, म्हणजे गोळ्यांच्या सांध्यांची बाहुली आहे. तिच्यासाठी आपण पॉपलिनचे दोन फ्रॉक शिवले, मापे काळजीपूर्वक घेतली आणि शिवणही सरळ आली. तरीसुद्धा फ्रॉकचा घेर खाली पडत नाही, कमरेशी कापड जाड होऊन फुगते आणि कडांचे धागे सुटत राहतात. आता सणासाठी तिला परकर-पोलके शिवायचे आहे आणि तेही असेच होईल, अशी आपल्याला धास्ती वाटते. आपल्या शिवणकामात दोष असावा असे मला वाटत नाही, कारण आपण ज्या क्रमाने काम केले आहे तो माणसांच्या कपड्यांसाठी अगदी बरोबर आहे. अडचण अशी आहे की बाहुली लहान होते, पण कापड लहान होत नाही, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळे या एकाच गोष्टीतून निघालेले आहे.

या आकाराच्या बाहुल्यांना एक-षष्ठांश म्हणण्याची पद्धत आहे, पण त्या बहुधा दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बांध्याच्या असतात. तीन वर्षांचे मूल साधारण ९५ सेंमी उंच असते. म्हणजे आपली बाहुली त्याच्या तुलनेत साडेतीन ते पावणेचार पट लहान आहे. आता पॉपलिनची जाडी साधारण पाव मिलीमीटर धरली, तर बाहुलीच्या अंगावर ती जवळजवळ एक मिलीमीटरच्या कापडासारखी दिसते. एवढी जाडी जीन्सच्या कापडाची असते. जीन्सच्या कापडाला दुहेरी दुमड घालून, चुण्या घालून, वर अस्तर लावून तीन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक शिवला तर तो कसा दिसेल, याचा विचार केला की आपल्या फ्रॉकचे काय झाले हे लक्षात येईल. म्हणून बाहुलीचे कपडे बेतताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: या जागी कापडाचे किती थर येणार आहेत, आणि त्यांतला कोणता काढता येईल?

जाडीइतकाच कापडाच्या ताठपणाचाही विचार करावा लागतो. कापड स्वतःच्या वजनाने वाकायला काही ठराविक लांबी लागते आणि ही लांबी त्या कापडाचा स्वभाव असतो. मोठ्या घागऱ्यात ती सहज मिळते, पण दहा-बारा सेंटिमीटरच्या परकरात कापडाला खाली वाकायला पुरेशी लांबीच उरत नाही. दुकानातून कापड आणल्यावर मी एक साधी परीक्षा करते. अडीच सेंमी रुंदीची, उभ्या धाग्यात कापलेली पट्टी टेबलावर ठेवून हळूहळू कडेबाहेर सरकवायची. जी पट्टी तीन-चार सेंटिमीटर बाहेर येताच ठळकपणे खाली झुकते, ती बाहुलीच्या घेरासाठी योग्य. जी सहा-सात सेंटिमीटरपर्यंत आडवीच राहते, तिचा घेर छत्रीप्रमाणे उघडा राहील हे नक्की समजावे. ही परीक्षा कापड धुऊन, खळ काढून मगच करावी, कारण नव्या सुती कापडाचा ताठपणा पुष्कळदा खळीचाच असतो.

कापडाच्या बाबतीत मुंबईत राहणाऱ्याने खरे तर तक्रार करू नये. मंगलदास मार्केटमध्ये बारीक मलमल, व्हॉइल, लॉन आणि केंब्रिक मिळते. मात्र काही दुकाने एक मीटरपेक्षा कमी कापत नाहीत आणि आपल्याला एका कपड्याला वीत-दीड वीतच लागते, म्हणून दोघी-तिघींनी मिळून जाणे परवडते. दादरला आणि हिंदमाताच्या बाजूला ब्लाउजच्या मॅचिंगची जी दुकाने आहेत, तिथली टू बाय टू रुबिया पोलक्यासाठी मला फार आवडते, कारण ती पातळ असूनही घडी धरते आणि तिच्या रंगांना तोटा नसतो. लेस, बारीक मणी, छोटी बटणे यांसाठी भुलेश्वर आहेच. पण माझ्या मते सगळ्यांत उत्तम कापड घरातच असते: आजोबांचे वापरून मऊ झालेले धोतर, विरत आलेली सुती साडी, बाळाचे झबले. अनेक धुण्यांनी कापडातली खळ पूर्ण गेलेली असते, सूत मऊ झालेले असते, आणि धोतराचा बारीक काठ हा तर परकरासाठी आयताच मिळालेला असतो. त्याबद्दल पुढे सांगते.

नक्षीलाही तोच हिशोब लागतो. कापडावरचे एक सेंटिमीटरचे फूल बाहुलीच्या अंगावर साडेतीन सेंटिमीटरच्या फुलासारखे दिसते, आणि पोलक्याच्या पुढच्या भागावर अशी दोन फुले आली की तिसऱ्याला जागा नसते. दोन-तीन मिलीमीटरचे ठिपके, एक-दोन मिलीमीटरच्या चौकड्या, किंवा सरळ एकरंगी कापड घ्यावे. चौकडी घेतली तर ती छापलेली नको, विणलेली घ्यावी. छपाई धाग्याच्या रेषेत नसेल, तर एवढ्याशा कपड्यात तो तिरकेपणा लगेच डोळ्यांत भरतो. गुळेदगुड्डच्या खणाचा मोह सर्वांना होतो, मलाही होतो, कारण त्याची बारीक बुट्टी जणू बाहुलीसाठीच विणली आहे असे वाटते. तरी संपूर्ण पोलके खणाचे करू नये. खण जाड असतो आणि कापल्याबरोबर कडेने उसवू लागतो. पोलके रुबियाचे करून बाहीच्या टोकाला फक्त खणाचा अरुंद काठ लावला, तर खणाचे सौंदर्यही मिळते आणि जाडीही येत नाही.

इथे रंगाचा विषय आधी संपवते, कारण यातली चूक सुधारता येत नाही. या बाहुल्या पॉलियुरेथेन रेझिनच्या असतात. जपानच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी बाजारात आणली, तेव्हापासून अशा बाहुल्यांचा छंद जगभर पसरला. याच कंपनीच्या लहान बाहुल्यांमुळे आपल्या आकाराला सर्रास योएसडी म्हणतात. हे रेझिन कापडाचा रंग शोषून घेते. गडद लाल, मरून, नेव्ही ब्लू, काळा आणि जांभळा हे रंग सर्वांत धोक्याचे, आणि निळीत रंगवलेली कापडे, अजरख, बाटिक ही तर कितीही धुतली तरी थोडा रंग सोडतच राहतात. एकदा डाग रेझिनमध्ये मुरला की वरचा थर घासून काढण्यावाचून उपाय राहत नाही, आणि घासताना बाहुलीच्या गालांवरचे रंगकामही जाऊ शकते. मुंबईची हवा दमट असल्यामुळे कापड नेहमीच किंचित ओलसर असते आणि ओल रंगाला वाट करून देते; म्हणून कोरड्या हवेच्या गावात जे चालते ते इथे चालेलच असे नाही.

त्यासाठी कापड आधी दोन-तीनदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे. मग पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा त्यावर ठेवून गरम इस्त्री काही वेळ दाबून धरावी आणि त्याच तुकड्याने कापड जोरात घासूनही पाहावे. तुकड्यावर रंगाची नुसती झाक दिसली तरी ते कापड थेट अंगाला लागेल असे वापरू नये. झाक दिसली नाही तरीसुद्धा गडद कपड्याच्या आत पांढऱ्या मलमलीचा थर असावा, आणि फोटो काढून झाले की कपडा उतरवून ठेवावा. आपण गडद जांभळ्या परकराचा विचार करत आहात असे लिहिले आहे. तो रंग मी नाकारणार नाही, पण आतला थर त्याला अनिवार्य आहे, आणि तो थर जाडी न वाढवता कसा आणायचा हेच या कपड्यातले मुख्य कौशल्य आहे.

मापांकडे वळू. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या २६ सेंटिमीटरच्या बाहुल्यांची छाती, पोट आणि खांदे वेगळे असतात, आणि मोठ्या माणसाच्या बांध्याच्या २९ सेंटिमीटरच्या बार्बीचे कपडे तर आपल्या बाहुलीला उंची जवळ असूनही मुळीच बसत नाहीत. म्हणून तयार कागदी बेतावर विसंबू नये. बाहुलीचे धड स्वयंपाकघरात वापरतो त्या पातळ प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळावे, त्यावर मास्किंग टेपचे छोटे तुकडे उभे-आडवे चिकटवून घट्ट कवच तयार करावे, आणि त्यावर पेनने रेषा आखाव्यात: पुढचा मध्य, मागचा मध्य, खांद्याची रेषा, बगलेखालची बाजूची रेषा, गळा, मुंढा (बाही जोडली जाते ती गोलाई) आणि कंबर. मग या रेषांवरून कवच कापून काढून कागदावर सपाट करावे. जिथे ते सपाट होण्यासाठी आपोआप फाटते किंवा उघडते, तिथे टक्स हवा आहे असे समजावे. लहान मुलाच्या बांध्याच्या बाहुलीला छातीचा टक्स सहसा लागत नाही, पण पोट पुढे असल्यामुळे पुढच्या भागाची लांबी मागच्यापेक्षा थोडी जास्त निघते, आणि तीच गोष्ट आपण सपाट मापे घेतल्यावर निसटते. फ्रॉक पुढून वर उचलला जातो तो यामुळेच.

या बेतावर छातीच्या पूर्ण घेरासाठी एकूण पाऊण ते एक सेंटिमीटर सैलपणा द्यावा, त्याहून जास्त नको. त्यात कापडाच्या थरांची जाडीही धरलेली आहे, हे विसरू नये: अस्तरासह कपडा असेल तर नुसत्या जाडीनेच घेर दोन-तीन मिलीमीटर खाल्ला जातो. बेत तयार झाला की तो टिश्यू पेपरवर कापून, टेपने जोडून बाहुलीला घालून पाहावा आणि तिला बसवून, हात वर करून मगच कापड कापावे. या बाहुल्यांचे धड बहुधा छातीखाली जोडलेले असते आणि आत इलास्टिक ओढलेले असते. बसल्यावर धड पुढे वाकते आणि उभे असताना नेमकी बसणारी कंबर तेव्हा सुटून वर येते.

कापताना मी कापण्याची रेषा आखत नाही, शिवणीची रेषा आखते. कापडाच्या उलट्या बाजूवर अगदी टोकदार पेन्सिलने शिवणीची रेषा काढायची, भोवती सढळ एक सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, ठेवून कापायचे, रेषेवर शिवायचे आणि शिवल्यानंतर माया तीन मिलीमीटरवर छाटायची. आधीच पाच मिलीमीटर माया ठेवून कापले, तर हाताळण्यातच त्यातले दोन मिलीमीटर उसवतात आणि शिवणीला धरायला कापड उरत नाही. आपल्या फ्रॉकच्या कडा सुटल्या त्याचे कारण मला हेच दिसते. छाटलेल्या कडेला कापडाचा पातळ गोंद किंवा धागे बांधून ठेवणारे फ्रे चेक टूथपिकच्या टोकाने लावावे आणि ते आधी कापडाच्या तुकड्यावर लावून पाहावे, कारण काही कापडांवर त्याचा काळसर ओला डाग कायमचा राहतो. इंटरलॉक, झिगझॅग, दुहेरी दुमडलेली शिवण हे सगळे उपाय या मापात जाडी वाढवतात, म्हणून ते मी घेत नाही. खडूची रेघ जाड पडते आणि हवेत उडून जाणारी शाई आपल्याकडच्या दमट हवेत काम संपण्याआधीच नाहीशी होते, म्हणून पेन्सिलच बरी.

यंत्रावर शिवायचे असेल तर नऊ नंबरची सुई, बारीक दोरा आणि दीड मिलीमीटरचा टाका ठेवावा. नेहमीच्या चौदा-सोळा नंबरच्या सुईने मलमलीला दिसण्याइतकी भोके पडतात. घरातले जुने, फक्त सरळ टीप मारणारे काळे मशीन असेल तर त्याला कमी लेखू नका. त्याच्या प्लेटचे छिद्र लहान असल्यामुळे बारीक कापड आत ओढले जात नाही. झिगझॅगच्या मशीनवर मात्र सुरुवातीलाच कापड खाली ओढले जाते, तेव्हा खाली टिश्यू पेपरची पट्टी ठेवून शिवावे आणि नंतर ती फाडून काढावी. सुरुवात नेहमी एका चिंधीवर करून त्याच ओघात खऱ्या कापडावर यावे. तरीही बाही मुंढ्याला जोडणे आणि गळ्याची गोलाई ही दोन कामे मी हातानेच करते, दहा नंबरच्या सुईने, उलट्या टिपेने. एवढ्याशा गोलाईवर यंत्राचा दाब अडीच-तीन टाक्यांत कापड सरकवून मोकळा होतो, आणि हाताची उलटी टीप ही मजबुतीत यंत्रापेक्षा कमी नसते.

आता प्रत्यक्ष परकर-पोलके. लहान मुलीचा परकर कमरेवरून घसरू नये म्हणून त्याला वर बिनबाह्यांची बॉडी जोडण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि ती रीत बाहुलीसाठी अतिशय उपयोगी पडते. परकराला नेफा आणि नाडी केली, तर कमरेशी नेफ्याचे दोन थर, त्यात नाडी, चुण्या आणि वरून पोलक्याची कड एवढे सगळे एकत्र येते. बॉडी केली तर नेफा जातो, नाडी जाते, आणि मुख्य म्हणजे ही पांढऱ्या मलमलीची बॉडी हाच पोलक्याच्या रंगापासून अंगाला वाचवणारा आतला थर होतो. मग पोलक्याला वेगळे अस्तर लागत नाही. परकर गडद असेल तर त्याच्या घेराखाली मात्र वर सांगितलेला मलमलीचा थर हवाच. एका थराने तीन थर कमी केले, असा हा हिशोब आहे.

बॉडी मागून उघडणारी करावी. बाहुलीचे डोके छातीपेक्षा मोठे असते आणि वर विग असतो, त्यामुळे कोणताही कपडा डोक्यावरून घालायचा विचार सोडून द्यावा. तो पायांकडून चढवायचा, म्हणून उघडी बाजू कमरेच्या खाली नितंबाच्या रुंद भागापर्यंत यायला हवी. बॉडीची कंबर खऱ्या कमरेपेक्षा अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर, पोटाच्या गोलाईच्या वरच्या बाजूला घ्यावी. तिथून परकर पोटावरून सरळ खाली पडतो आणि बाहुली बसली तरी वर सरकत नाही.

परकराची सुरुवात खालून करावी, म्हणजे काठापासून. धोतराचा, जुन्या साडीचा किंवा विणलेल्या काठाच्या रुमालाचा एक ते दीड सेंटिमीटरचा काठ तळाशी येईल असे कापड घेतले, तर खाली दुमडच घालावी लागत नाही. काठ ही विणतानाच पूर्ण झालेली कड असते. ती उसवत नाही, तिच्यात एकच थर असतो आणि तिच्या किंचित वजनाने घेर खाली ओढला जातो. परंपरेने परकराला काठ असतोच, त्यामुळे इथे रीत आणि गरज दोन्ही जुळून येतात. पैठणीचा किंवा इतर रुंद काठ मात्र घेऊ नये. पाच सेंटिमीटरचा काठ दहा सेंटिमीटरच्या परकराचा अर्धा भाग व्यापतो आणि जरीमुळे ताठ राहतो. काठाचे कापड नसेल तर पाच मिलीमीटरची एकच दुमड घालून हाताने अदृश्य हेमिंग करावे. कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोच्या दुकानातून पिको करून घेण्याचा पर्याय व्हॉइलसारख्या कापडाला चालतो, पण मलमलीला त्या दाट दोऱ्याने कड ताठ होऊन लहरते.

घेर किती ठेवावा याबद्दल मतभेद आहेत. मोठ्या परकराला कमरेच्या तिप्पट घेर सहज देतात. बाहुलीला मलमल असेल तर दुप्पट, रुबिया असेल तर दीडपट पुरे, असे माझे ठाम मत आहे. चुण्यांसाठी शिवणीच्या रेषेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन समांतर ओळी धावदोऱ्याने किंवा लांब टाक्याने घालाव्यात आणि दोन्ही दोरे एकदम ओढावेत. एकाच ओळीवर ओढलेल्या चुण्या तिरक्या होऊन एकमेकींवर चढतात आणि तिथे जाडी होते. चुण्या सारख्या करून झाल्यावर, बॉडीला जोडण्याआधी, मायेच्या भागावरच इस्त्रीचे टोक दाबून तो सपाट करावा. घेराला इस्त्री लावू नये. जोडल्यावर सगळी माया वर, बॉडीकडे वळवावी, कारण ती खाली राहिली की घेराला पहिल्याच सेंटिमीटरला बाहेर ढकलते. आपल्या फ्रॉकला कमरेशी जो फुगवटा आला तो बहुतेक याच ठिकाणी आला असणार. मागची उभी शिवण सर्वांत शेवटी, काठाकडून वर उघड्या भागापर्यंत मारावी.

घेर तयार झाला तरी थोडा फुललेला दिसेल. त्यासाठी परकर बाहुलीवरून उतरवून, जाड पेनाच्या किंवा रिकाम्या बाटलीच्या भोवती उभ्या चुण्या हाताने बसवून, पाण्याचा हलका फवारा मारून त्यावर पांढरा दोरा सैलसर गुंडाळावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे. हे बाहुलीच्या अंगावर कधीही करू नये, कारण ओले कापड आणि रेझिन यांची गाठ घालायची नाही हे आपण वर पाहिलेच आहे.

पोलके पुढून उघडणारे करावे. बॉडी मागे उघडते आणि पोलके पुढे, म्हणजे दोन्हींच्या एकावर एक येणाऱ्या पट्ट्या एकाच जागी येत नाहीत. आधी खांद्याच्या शिवणी मारून त्या उघड्या दाबून घ्याव्यात. गळ्याला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावण्याची सवय आपल्याला असते, पण दुमडलेल्या उरेब पट्टीने गळ्याशी चार-पाच थर होतात. त्याऐवजी गळ्याच्या आणि पुढच्या उघड्या कडांच्या आकाराची, सेंटिमीटरभर रुंद मलमलीची पट्टी कापून, सुलटीवर सुलट ठेवून शिवावी, माया दोन मिलीमीटरवर छाटून गोलाईत कात्रीने जवळजवळ काप द्यावेत, आणि पट्टी आत उलटवून फक्त खांद्याच्या शिवणीवर दोन टाक्यांनी धरावी. काप शिवणीपासून एका धाग्याच्या अंतरापर्यंत गेले नाहीत, तर गळा कधीच गोल दिसत नाही.

बाही मुंढ्याला सपाट असतानाच जोडावी, म्हणजे बगलेची बाजू शिवण्याआधी. नंतर बाही आणि बाजू एकाच सलग शिवणीत शिवून टाकावी. बाही आधी नळीसारखी शिवून मग मुंढ्यात बसवण्याची शिंप्याची पद्धत एवढ्याशा मुंढ्यात जमत नाही. बाहीच्या वरच्या गोलाईची उंची कमी ठेवावी. गोलाई जितकी उंच, तितकी बाही खाली लोंबणाऱ्या हाताला सुंदर बसते आणि हात वर केला की सगळे पोलके ओढले जाते. या बाहुल्यांचे सारे आकर्षण त्यांच्या हालचालीत आहे, म्हणून हात खाली असताना बगलेत दोन सुरकुत्या पडल्या तरी मी त्या पत्करते. फुग्याची बाही हवी असेल तर चुण्या फक्त वरच्या मधल्या तिसऱ्या भागात घालाव्यात. कोपराला दुहेरी सांधा असेल तर बाही कोपराच्या स्पष्टपणे वर संपवावी किंवा स्पष्टपणे खाली न्यावी. नेमकी सांध्यावर संपणारी बाही कोपर दुमडताना त्या फटीत अडकते. आत सुटे दोरे अजिबात ठेवू नयेत, कारण तेही सांध्याच्या फटीत जाऊन बसतात.

नऊवारीबद्दल आपण ओझरते विचारले आहे. पूर्ण निऱ्यांची साडी नेसवू नये असे मी म्हणेन: दहा निऱ्या म्हणजे कापडाचे वीस थर, आणि पाव मिलीमीटरपेक्षाही पातळ, ०.२ मिलीमीटरचे कापड घेतले तरी पोटासमोर चार मिलीमीटर जाडीचा पुंजका येतो, जो तिच्या अंगावर दीड सेंटिमीटरचा दिसतो. निऱ्या पातळ जाळीच्या योकला (कमरेच्या पट्टीला) खालच्या कडेने शिवून, कमरेवर फक्त एक थर येईल अशी शिवलेली नऊवारी जमते. पण ते परकर-पोलक्यानंतरचे काम आहे.

बंद करण्यासाठी पोलक्याला आणि बॉडीला सर्वांत लहान, पाच-सहा मिलीमीटरची टिच बटणे लावावीत, किंवा त्याहून सपाट हवे असेल तर बारीक हूक आणि दोऱ्याचे लूप. वरून दिसायला दोन-तीन मिलीमीटरचे मणी बटणांच्या जागी टाकता येतात. खरी काजे करण्याचा अट्टहास नको. वेल्क्रो मी वापरत नाही, कारण तो जाड असतो आणि त्याचे आकडे विगच्या केसांना आणि मलमलीला दोन्हींना ओरबाडतात. पत्र्याच्या बटणांची मागची बाजू अंगाला लागू नये म्हणून खालची पट्टी थोडी रुंद ठेवावी. बटणे गंज न धरणारी घ्यावीत. पावसाळ्यात गंजाचा पिवळा डाग मलमलीवर उमटला की निघत नाही. त्याच दिवसांत कपडे पांढऱ्या टिश्यू पेपरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत, आणि बाहुली उन्हापासून दूर, कारण उन्हाने रेझिन पिवळे पडते आणि कपड्याखालचा भाग तेवढा मूळ रंगाचा राहिला तर कपड्याच्या कडेची रेषाच अंगावर उमटते.

कपडे चढवताना बाहुलीच्या बोटांवर लहानशी प्लास्टिकची पिशवी घालून मग हात बाहीत सारावा, म्हणजे बोटे लेसमध्ये अडकत नाहीत आणि बारीक बोटे मोडण्याची भीतीही राहत नाही. हात हुकावर बसवलेला असेल तर तो काढून पुन्हा बसवणेही शक्य असते, पण इलास्टिक ताणलेले असल्यामुळे हे काम दुसऱ्या कोणाच्या मदतीने करावे.

जांभळ्या कापडाला हात लावण्याआधी हा संपूर्ण संच एकदा जुन्या धोतराच्या कापडात शिवून पाहावा, अशी माझी विनंती आहे. बॉडीचे माप, पोटावरची लांबी आणि बाहीची गोलाई या तीन गोष्टी अंगावर पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. त्या पांढऱ्या संचातली बॉडी नीट बसली, तर त्याचा परकर उसवून त्याच बॉडीला जांभळा परकर जोडावा. ती आधीच धुतलेली आणि अंगाला बसलेली असेल, आणि खऱ्या कपड्याचे अर्धे काम तिथेच झालेले असेल.